आडवी रेषा

बडोद्याच्या दांडिया बाजारामागील एका गल्लीत दोन खोल्यांचे एक घर आहे. तेथे पहाटे साडेपाचलाच दिवा लागतो. घरातील बाई बारा जणांचे जेवणाचे डबे करून देते. साडेदहाच्या सुमारास डबे निघून जातात, भांडी घासून होतात आणि दुपारी घर शांत होते. मग सातवीत शिकणारी तिची लेक पुस्तक काढून मोठ्याने वाचू लागते. आई धान्य निवडीत ऐकत बसते. यंदा मात्र या बैठकीत थोडा फरक पडला आहे. लेकीच्या पुस्तकाशेजारी आता आणखी एक पुस्तक असते, ते आईचे. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तिने मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवले आहे. तिची स्वतःची शाळा सातवीतच सुटली होती.

त्या दिवशी धडा होता पदार्थांच्या अवस्थांचा. लेक घोकत होती, "स्थायूला स्वतःचा आकार असतो आणि निश्चित आकारमान असते. द्रवाला निश्चित आकारमान असते, पण स्वतःचा आकार नसतो. तो भांड्याचा आकार घेतो. वायूला आकारही नसतो आणि निश्चित आकारमानही नसते. तो मिळेल ती जागा व्यापतो."

आईने मिठाच्या बरणीकडे पाहिले आणि विचारले, "मग मीठ द्रव का नाही? तेही बरणीचाच आकार घेते की."

लेक गोंधळली. पुस्तकात याचे उत्तर सापडेना. ते अखेर आईनेच दिले. तिने एका ताटलीत मूठभर मीठ ओतले आणि दुसऱ्या ताटलीत वाटीभर पाणी. मिठाचा लहानसा ढीग झाला. पाणी मात्र पसरले आणि समपातळीत स्थिर झाले. "मिठाची रास होते, पाण्याची होत नाही," ती म्हणाली. तिचे उत्तर अचूक होते. मिठाचा प्रत्येक दाणा हा एकेक लहानसा स्थायूच असतो. बरणी हलवली तर दाणे एकमेकांवरून घसरतात, पण कोणत्याही दाण्याचा स्वतःचा आकार बदलत नाही. हे तिला पुस्तकातून कळले नव्हते. उरणजवळच्या ज्या गावात तिचे बालपण गेले, तेथे मिठाच्या राशी घरांपेक्षाही उंच असत. तिचे वडील मिठागरात राबत.

लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी बाईंनी तिला प्रयोगशाळेतील तापमापी घरी नेऊ दिली होती. ती ताप पाहण्याच्या तापमापीहून वेगळी, ११० अंश सेल्सिअसपर्यंत खुणा असलेली होती. ताप पाहण्याची तापमापी उकळत्या पाण्यात घातली तर फुटते, एवढी ताकीद बाईंनी मुद्दाम दिली होती. शेजारच्या घरून बर्फाचे खडे आणून ते कुटले. पातेल्यात तो बर्फ आणि थोडे थंड पाणी घालून पातेले बारीक आचेवर ठेवले. लेक तापमापी तळाला लागू न देता धरून ढवळत राहिली आणि आई घड्याळाकडे पाहून दर मिनिटाचा आकडा वहीत लिहू लागली.

पहिल्या मिनिटाला शून्य. दुसऱ्या मिनिटाला शून्य. पाचव्या मिनिटालाही शून्यच. लेकीला वाटले, तापमापी बिघडली. आईने वाकून ज्योत पाहिली. ती तर नीट जळत होती. आठव्या मिनिटाला बर्फाचा शेवटचा कण दिसेनासा झाला आणि मग एकाएकी तापमापीतील स्तंभ वर चढू लागला. दहा, वीस, चाळीस, सत्तर. आणखी अकरा मिनिटांनी पाणी खळखळा उकळू लागले आणि आकडा शंभराच्या जवळ येऊन पुन्हा थांबला. लेकीने गॅस मोठा केला. पाणी अधिक जोराने उसळू लागले, वाफ अधिक निघू लागली, पण आकडा तसूभरही हलला नाही.

आईने वही खाली ठेवली. "गॅस जळतो आहे, पाण्याखाली आच आहे, आणि पाणी काही अधिक तापत नाही. मग एवढी उष्णता जाते कुठे?"

हाच प्रश्न सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एका प्राध्यापकाला पडला होता. जोसेफ ब्लॅक हे त्यांचे नाव. बर्फ शून्य अंशाला पोहोचले की थोड्याशाच उष्णतेने ते सारे वितळते, अशी त्या काळी समजूत होती. ब्लॅक यांना ती पटेना. तसे असते तर थंडी ओसरताच डोंगरावरचे सगळे बर्फ एकाच दिवसात पाणी झाले असते आणि दरवर्षी भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे संथपणे वितळत राहते. हिमालयातून येणाऱ्या नद्यांना भर उन्हाळ्यात पाणी असते, ते या संथपणामुळेच.

ब्लॅक यांनी १७६१च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. त्यांनी काचेची दोन सारखी पात्रे घेतली. एकात गोठणबिंदूच्या जवळ आणलेले थंड पाणी होते आणि दुसऱ्यात तितक्याच वजनाचे बर्फ. दोन्ही पात्रे त्यांनी एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. पाणी अर्ध्या तासात काही अंश तापले. बर्फ वितळून त्याचे पाणी तेवढ्याच तापमानाला येण्यास मात्र सुमारे साडेदहा तास लागले. दोन्ही पात्रांना दालनातील हवेची ऊब सारखीच मिळत होती. याचा अर्थ, बर्फाने कितीतरी पट अधिक उष्णता शोषली होती, पण तापमापीला तिचा पत्ता नव्हता. या न दिसणाऱ्या उष्णतेला त्यांनी गुप्त उष्णता म्हटले. काही पुस्तके तिलाच अप्रकट उष्मा म्हणतात.

ही उष्णता नाहीशी होत नाही. ती एका कामी खर्च होते. पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असतात. पाण्याचा असा कण म्हणजे पाण्याचा रेणू. बर्फात हे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठरलेल्या जागी असतात आणि जागच्या जागी कंप पावतात. म्हणून बर्फाला आकार असतो. पाण्यात ही पकड सैल होते. रेणू एकमेकांच्या जवळच राहतात, पण एकमेकांवरून सरकू शकतात; म्हणून पाणी वाहते. वाफेत पकड जवळजवळ सुटते आणि रेणू दूर दूर मोकळे धावतात. एक लिटर पाण्याची शंभर अंशाला वाफ झाली, तर ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. तापमान म्हणजे या कणांच्या हालचालीचे माप. बर्फ वितळत असताना मिळालेली उष्णता कणांचा वेग वाढविण्यात खर्च होत नाही, त्यांची पकड सोडविण्यात खर्च होते. वेग वाढत नाही, म्हणून तापमापीतील आकडा थांबून राहतो. काम मात्र चालूच असते.

या कामाचा हिशेबही करता येतो. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी लागतात. आणि शंभर अंशावरील पाण्याची शंभर अंशावरीलच वाफ होण्यास तब्बल ५४० कॅलरी लागतात. पाणी उकळीपर्यंत आणण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता ते पूर्णपणे आटविण्यास लागते. मायलेकींनी पातेले तसेच आचेवर ठेवले असते, तर ते कोरडे होण्यास आणखी जवळजवळ एक तास लागला असता आणि त्या तासभरात आकडा शंभरापुढे गेलाच नसता.

आईने वहीतील आकड्यांकडे पुन्हा पाहिले आणि तिच्या मनात स्वयंपाकघरातील अनेक गोष्टींचा उलगडा होऊ लागला. बटाटे उकडताना पाण्याला उकळी आल्यावरही ती गॅस मोठाच ठेवीत असे. मोठ्या आचेवर ते लवकर शिजतात, अशी तिची समजूत होती. पण पाणी खदखदा उकळो की मंद उकळो, उघड्या पातेल्यात ते शंभर अंशांपुढे जात नाही. बटाट्याला दोन्ही वेळी तेवढीच उष्णता मिळते. जादा जळालेला गॅस केवळ अधिक वाफ करून खिडकीतून बाहेर जातो. कुकरमध्ये झाकण घट्ट असते. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो, त्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांना उकळते आणि डाळ लवकर शिजते. लेहसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो. तेथे पाणी ९० अंशांच्याही आत उकळते आणि उघड्या पातेल्यातील डाळ तासन्‌तास शिजत नाही.

तिच्या उजव्या मनगटावर एक फिकट डाग आहे. गणेशचतुर्थीला मोदकपात्राचे झाकण घाईने उघडताना वाफेचा झोत हातावर आला होता. त्याआधी उकळत्या पाण्याचे शिंतोडे अनेकदा हातावर उडाले होते, पण एवढी इजा कधी झाली नव्हती. दोन्हींचे तापमान एकच असताना वाफेनेच अधिक का भाजावे, याचे उत्तर आता तिच्यापुढे वहीतच होते. वाफ कातडीला लागताच तिचे पाणी होते. त्या क्षणी वाफ होताना शोषलेली सारी गुप्त उष्णता, एका ग्रॅममागे ५४० कॅलरी, ती परत देते. नंतर ते उकळते पाणीही भाजतेच. म्हणून झाकण उघडताना ते आपल्या विरुद्ध बाजूने आधी उचलावे. भाजल्यास तो भाग निदान दहा-वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा; त्यावर बर्फ किंवा तूप लावू नये. त्या दिवशी तिने तूप लावले होते.

उष्णता घेण्याचा हाच गुणधर्म इतर वेळी उपकारक ठरतो. पाण्याची वाफ होण्यासाठी ते उकळावेच लागते असे नाही. पृष्ठभागावरचे काही चपळ रेणू कोणत्याही तापमानाला निसटून हवेत जातात. यालाच बाष्पीभवन म्हणतात. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातील उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून ते पाणी गार होते. तापाने फणफणलेल्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतात, ती याच कारणासाठी. बडोद्याच्या वैशाखात माठातले पाणी जितके गार होते, तितके ते उरणला माहेरी कधीच होत नसे, हे आईला आठवले. समुद्रकाठची हवा आधीच दमट असते, त्यामुळे तेथे बाष्पीभवन मंद होते. बडोद्याची उन्हाळी हवा त्या मानाने कोरडी. माती, पाणी आणि माठ तोच, फरक हवेचा.

बर्फ चटकन वितळत नाही, या गुणावर एके काळी मोठा व्यापार उभा राहिला होता. बर्फाची यंत्रे येण्यापूर्वी आपल्या देशात उन्हाळ्यात बर्फ मिळणे दुरापास्त होते. अलाहाबादसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमिनीत उथळ खड्डे करीत, त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरीत आणि त्यांवर मातीच्या उथळ परळांत पाणी भरून ठेवीत. पाणी झिरपून त्याचे बाष्पीभवन होई, शिवाय मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून जाई आणि पहाटेपर्यंत त्यावर बर्फ धरे. सूर्य उगवण्यापूर्वी मजूर ते गोळा करीत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये या रीतीचे वर्णन प्रसिद्ध केले.

पुढे १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन कोलकात्याकडे निघाले. ते बर्फ तेथील तळी गोठल्यावर कापून काढलेले होते. शिडाचे ते जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडून सुमारे चार महिन्यांनी कोलकात्यास पोहोचले, तेव्हा त्यावर सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होते. उष्णता आत शिरू न देणारे आवरण त्यास कारण होतेच. पण आत शिरलेल्या प्रत्येक कॅलरीला बर्फ जी दाद लागू देत नव्हते, तेही तेवढेच महत्त्वाचे कारण होते. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर असे बर्फ साठविण्यासाठी १८४२ मध्ये बांधलेली इमारत आजही उभी आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते; आता ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हे सारे वाचून झाल्यावर लेकीने पान उलटले. पुढच्या पानावर मिठागराचे चित्र होते. आई बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली.

मिठागरात काय घडते, हे सांगण्यास तिला पुस्तकाची गरज नव्हती. पावसाळा सरला की बांधबंदिस्ती सुरू होते. उधाणाच्या भरतीला उघाडीतून समुद्राचे पाणी आत घेतात. एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे ते पुढे सरकवीत नेतात. ऊन आणि वारा त्यातले पाणी उचलून नेतात आणि उरलेले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. शेवटी ते उथळ, चोपून घट्ट केलेल्या वाफ्यांत सोडतात. तेथे पृष्ठभागावर आणि तळाशी मिठाचे स्फटिक धरू लागतात. पायांना चिरा पडलेली माणसे भर उन्हात त्या खाऱ्या पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतात आणि टोपल्यांनी वाहून बांधावर रास घालतात. मजुरी मिठाच्या मापावर मिळते.

ती तेरा वर्षांची असताना, मे महिन्याच्या आरंभीच एका रात्री वळिवाचा पाऊस कोसळला. वाफ्यांत मीठ तयार होते. राशींवर अजून झापे चढविली नव्हती. सकाळी वडील बांधावर जाऊन नुसते उभे राहिले. वाफ्यांत गढूळ पाणी होते, राशी खचून त्यांचे ओघळ खाडीकडे गेले होते. "सगळे मीठ वितळले," एवढेच ते घरी येऊन म्हणाले. त्या वर्षी घरात पैसा आला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा धाकट्या भावाला नवी वही मिळाली आणि ती आईबरोबर कामाला जाऊ लागली.

"वितळले नाही, आई," लेक पुस्तकात बोट ठेवून हलकेच म्हणाली. "विरघळले. मीठ वितळायला आठशे अंशांहून जास्त तापमान लागते. पाण्यात ते विरघळते. वितळायला उष्णता लागते. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो."

आई हसली. पंचवीस-सव्वीस वर्षे जो शब्द तिच्या मनात घर करून होता, तो लेकीने आज दुरुस्त केला होता. मीठ नाहीसे झाले नव्हते. त्याचा कण न्‌ कण पाण्यात होता, खाडीत होता, समुद्रात परत गेला होता. मग नाहीसे काय झाले होते?

याचे उत्तर मायलेकींनी त्या दुपारी आकडेमोड करून काढले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी आपण खातो ते मीठ सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे एक किलो मिठासाठी निदान ३७ लिटर पाणी आटवावे लागते. हे पाणी घरातील गॅसवर आटवायचे ठरविले तर काय होईल? तीस अंशांवरील एक लिटर पाणी शंभर अंशांपर्यंत तापविण्यास ७० किलोकॅलरी आणि त्याची वाफ करण्यास ५४० किलोकॅलरी, मिळून ६१० किलोकॅलरी. ३७ लिटरांसाठी सुमारे साडेबावीस हजार किलोकॅलरी. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळाला की सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. १४.२ किलोच्या पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधून मिळते ती साधारण एक लाख छप्पन हजार.

लेकीने भागाकार केला. उत्तर आले, जेमतेम सात किलो. तेही शेगडीची सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली, असे धरून. प्रत्यक्षात निदान तिचा तिसरा हिस्सा इकडेतिकडे वाया जातो. म्हणजे एका सिलिंडरमागे पाच किलोही मीठ मिळणार नाही.

दोघीही गप्प झाल्या. वाण्याकडे मिठाची एक किलोची पिशवी इतकी स्वस्त मिळते की, तिच्या भावाबद्दल कोणी घासाघीस करीत नाही. तिच्यामागे सूर्याने फुकट दिलेली साडेबावीस हजार किलोकॅलरी उष्णता असते. ऊन कितीही मंद असले, पाणी न उकळता केवळ वाऱ्याने आटले, तरी एका लिटरमागे लागणारी उष्णता जवळजवळ तेवढीच. आणि ते ऊन वाफ्यात अडवून धरणारी माणसे असतात. कच्छच्या छोट्या रणातील अगरिया कुटुंबे वर्षातील सात-आठ महिने रणात राहून जमिनीखालचे खारे पाणी उपसतात आणि ते असेच आटवितात. उरण, पेणच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी असते, रणात विहिरीचे. एरवी रीत तीच. एका रात्रीच्या पावसाने वाहून जाते ते केवळ मीठ नव्हे. कित्येक महिन्यांचे ऊन आणि तितक्याच महिन्यांचे श्रम त्याबरोबर जातात. मीठ समुद्रात परत मिळते. ते ऊन आणि ते श्रम मात्र पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतात.

संध्याकाळ होत आली होती. लेकीने वहीतील आकड्यांवरून आलेख काढला. आडव्या अक्षावर मिनिटे, उभ्या अक्षावर तापमान. शून्यावर एक आडवी रेषा, मग चढ, मग शंभराजवळ पुन्हा एक आडवी रेषा. पेन्सिलने बिंदू जोडून झाल्यावर ती म्हणाली, "बाई म्हणतील, आडव्या रेषेत काहीच घडत नाही."

आईने आपले बोट शून्यावरच्या त्या रेषेवर ठेवले. तिच्या स्वतःच्या शाळेचे पानही असेच कितीतरी वर्षे एका जागी थांबलेले होते. त्या वर्षांत तिने मीठ ओढले होते, संसार केला होता, डबे भरले होते, लेकीचे धडे ऐकले होते. बाहेरून पाहणाऱ्याला आकडा हललेला दिसला नसता.

"घडत नाही कसे?" ती म्हणाली. "बर्फाचे पाणी झाले ते याच रेषेत. बाईंना तसेच सांग."

मग ती उठली. संध्याकाळच्या आमटीला उकळी फुटली होती. तिने ज्योत बारीक केली, पातेल्यावर झाकण ठेवले आणि आपले पुस्तक उघडून लेकीशेजारी बसली.